पिस्टन घेण्याआधी ब्लॉक मोजा : जुन्या मारुती ८००-ओम्नीच्या इंजिनाचे बोअर कसे तपासायचे

दोन वर्षांपूर्वी एक तरुण माझ्याकडे ओम्नीचा ब्लॉक घेऊन आला. भंगारातून घेतलेला ब्लॉक रिक्षाच्या मागच्या सीटवर गोणपाटात गुंडाळलेला, आणि हातात पिस्टनचं नवं कोरं खोकं. ०.५० ओव्हरसाइजचा, म्हणजे मूळ मापापेक्षा ०.५० मिमी मोठा सेट, रिंगांसकट, बिल भरून आणलेला. विकणाऱ्याने त्याला सांगितलं होतं, "ब्लॉक स्टँडर्ड आहे, पन्नासचा पिस्टन टाक, डोळे मिटून चालेल." मी बोअरमध्ये, म्हणजे पिस्टन चालतो त्या गोल पोकळीत, गेज घातला. ब्लॉक आधीच ०.५० वर बोअर झालेला, म्हणजे आतून कापून तेवढा मोठा केलेला होता आणि त्यावरही झिजलेला. म्हणजे ते पिस्टन त्या ब्लॉकमध्ये सैल, आणि पुढचं माप बाजारात नाही. खोकं फोडलेलं असल्यामुळे दुकानदाराने सेट परत घेतला नाही. पोराने तीन महिने साठवलेले पैसे होते ते.

हे टाळायला पंधरा-वीस मिनिटांचं मोजमाप पुरलं असतं. म्हणून हा लेख. ज्यांनी कधी बोअर गेज हातात धरला नाही त्यांच्यासाठी लिहितोय, त्यामुळे सरावलेल्या मिस्त्रींना काही गोष्टी फार सोप्या वाटतील. उदाहरणाला मी एकच इंजिन घेतो : मारुती ८०० आणि ओम्नीचं ७९६ सीसीचं एफ८बी. तीन सिलिंडर, बोअर ६८.५ मिमी, स्ट्रोक ७२ मिमी, बिडाचा ब्लॉक, ॲल्युमिनियमचं हेड. १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि २०१४ मध्ये तिचं उत्पादन थांबलं, तरी हे ब्लॉक अजून गावोगावी मिळतात आणि शिकायला यासारखं सोपं इंजिन नाही. पद्धत मात्र कुठल्याही बिडाच्या ब्लॉकला तीच, फक्त आकडे बदलतात.

आधी भाषा समजून घ्या

बोअरिंगच्या दुकानात गेलात की तीन तऱ्हांनी मापं ऐकू येतील. नवे लोक मिलिमीटरमध्ये बोलतात : पॉइंट पंचवीस, पॉइंट पन्नास. जुने मिस्त्री थाऊमध्ये बोलतात. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, ०.०२५४ मिमी. त्यामुळे 'दहा थाऊ' म्हणजे साधारण ०.२५ मिमी आणि 'वीस थाऊ' म्हणजे साधारण ०.५० मिमी. आता अडचण बघा : एक जण 'वीसचा पिस्टन' म्हणतो, दुसरा 'पन्नासचा' म्हणतो, आणि दोघांचा पिस्टन एकच असतो. फोनवर ऑर्डर देताना नेहमी मिलिमीटर आणि पूर्ण आकडा सांगा : "अडुसष्ट पॉइंट पाच, अधिक पॉइंट पन्नास." या एका सवयीने निम्मे घोळ टळतात.

मी या लेखात 'शतांश' म्हणेन तेव्हा ०.०१ मिमी समजा. 'आडवं माप' म्हणजे क्रँकशाफ्टला काटकोनात घेतलेलं, 'उभं माप' म्हणजे क्रँकच्या रेषेत, एका सिलिंडरकडून दुसऱ्याकडे जाणाऱ्या दिशेत घेतलेलं. पिस्टन आडव्या दिशेत भिंतीवर दाबला जातो, उभ्या दिशेत गजन पिन (पिस्टन कनेक्टिंग रॉडला जोडणारी पिन) असते. हे डोक्यात पक्कं बसवा, पुढे सगळं यावर आहे.

विकत घेण्याआधी, भंगारवाल्याच्या दारातच

कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर घ्या की तुमच्या तालुक्याच्या भंगारात, तिथे कुणी तुम्हाला तासभर मोजमाप करू देणार नाही. पण टॉर्च, रॉकेलची छोटी बाटली, एक खडू, कोरडं फडकं, फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या), एक जुनी पिस्टन रिंग आणि ती ढकलायला एक जुना पिस्टन एवढं पिशवीत घेऊन गेलात तर वाईट ब्लॉक तिथेच सोडून येता येतो.

पहिली गोष्ट इंजिन नंबर. तो ब्लॉकवर कोरलेला असतो. घासलेला, पुन्हा ठोकलेला किंवा पंचाच्या खुणा वेड्यावाकड्या असलेला ब्लॉक कितीही चांगला दिसला तरी घेऊ नका. आर.सी.वर इंजिन नंबर असतो, त्यामुळे ब्लॉक बदलला की आरटीओत नोंद करावी लागते (मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२), आणि त्या वेळी बिल मागतात. साध्या कागदावर का होईना, नंबर लिहिलेलं बिल घ्या.

मग भेगा. बोअर कितीही सुंदर असो, ब्लॉक फुटलेला असेल तर पुढचं सगळं वाया. दोन बोअरच्या मधली पट्टी, पाण्याच्या वाटांच्या कडा, हेड बोल्टची भोकं आणि बाहेरून कोअर प्लगच्या (पाण्याच्या वाटा बंद करणाऱ्या पत्र्याच्या बुचांच्या) खालची भिंत या जागा आधी बघा. गाडी गरम होऊन बंद पडलेली असेल तर भेग बहुधा इथेच सापडते. संशय आला की जुनी, फुकटची आणि आजही खरी असलेली तपासणी करा : त्या जागी रॉकेल लावा, दोन-तीन मिनिटं मुरू द्या, कोरड्या फडक्याने अगदी स्वच्छ पुसा आणि वरून खडू घासा. भेग असेल तर आत मुरलेलं रॉकेल खडूत झिरपतं आणि एक ओली रेघ उमटते. केसाएवढी बारीक रेघही यात दिसते. रेघ दिसली की ब्लॉक खाली ठेवा. भिंतीच्या आत लपलेली भेग मात्र यात दिसत नाही, तिच्यासाठी पुढे मशीन शॉपमध्ये पाण्याच्या दाबाची टेस्ट करून घ्यावी.

आता टॉर्च बोअरमध्ये तिरकी धरा. तीन गोष्टी शोधायच्या.

भिंतीवर एकमेकांना छेदणाऱ्या तिरप्या बारीक रेघा दिसतात का? या होनिंगच्या, म्हणजे बोअर शेवटी दगडांनी बारीक घासल्याच्या खुणा. त्या रिंगच्या पूर्ण वाटेवर शाबूत असतील तर झीज फारच कमी आहे. त्या पुसून भिंत आरशासारखी चकचकीत झाली असेल तर बोअरला ग्लेझ आली आहे, नव्या रिंगा तिथे बसणार नाहीत. नवशिके चकाकी बघून खूश होतात, "बघा किती गुळगुळीत आहे." बोअरची चकाकी ही झिजल्याची खूण आहे.

दुसरं, वरून खाली जाणाऱ्या लाइनी. नखाचं टोक आडवं फिरवा. नख अडकत नसेल तर ती फक्त डाग असू शकते. अडकलं तर लाइन खोल आहे, बोअरिंगशिवाय जाणार नाही. गजन पिनची सर्कलिप (पिन जागेवर धरणारी कडी) सुटून बोअर खरवडलेला असेल तर ती चर उभ्या दिशेच्या भिंतीवर, एकाच जागी आणि बरीच खोल असते. ती ०.५० मध्येही निघत नाही.

तिसरं, गंज. हेड काढून पावसात पडलेल्या ब्लॉकमध्ये गंजाचे खड्डे पडतात. वरचा तांबडा थर रॉकेलने निघतो, त्याची भीती नाही. निघाल्यावर खाली काळे टिपके राहतात का ते बघा. ते अगदी तळाला, जिथे रिंग पोचत नाही तिथे असतील तर चालतं. रिंगच्या वाटेवर असतील तर नाही.

आणि आता रिंगची युक्ती, जी बोअर गेज नसलेल्या प्रत्येकाने शिकावी. एक जुनी पण न वाकलेली कॉम्प्रेशन रिंग बोअरमध्ये घाला. उलट्या पिस्टनने ती खाली तळापर्यंत सरळ ढकला, वाकडी बसता कामा नये. तिच्या दोन टोकांमधली फट फिलर गेजने मोजा. मग रिंग वर आणा, वरच्या कडेपासून १० मिमी खाली, पुन्हा फट मोजा. दोन फटींच्या फरकाला ३.१४ ने भागा. तळाला फट ०.३० आली आणि वर ०.५५ आली, तर फरक ०.२५, भागिले ३.१४ म्हणजे साधारण ०.०८. बोअर वरच्या बाजूला आठ शतांशांनी मोठा झाला आहे. आपण फक्त फरक बघतोय, त्यामुळे रिंग जुनी असली तरी बिघडत नाही. रिंग वर असतानाच खालून टॉर्च मारा. रिंग आणि भिंत यांच्यामधून कुठे उजेड येत असेल तर बोअर ओव्हल झाला आहे. किती, ते रिंग सांगत नाही. त्यासाठी गेज लागतो.

बोअर वरच का झिजतो

हे कळलं की कुठे मोजायचं ते पाठ करावं लागत नाही. पिस्टन वरच्या टोकाला क्षणभर थांबतो. रिंग सरकत असते तोवर तिच्याखाली तेलाचा पातळ थर टिकतो, थांबली की तो थर तुटतो. नेमक्या त्याच क्षणी वर स्फोट होतो आणि वायूचा दाब रिंगच्या मागे शिरून तिला भिंतीवर दाबतो. उष्णता तिथेच जास्त, आणि थंड इंजिनात चोक ओढून ठेवला तर कच्चं पेट्रोल तिथलंच तेल धुऊन नेतं. म्हणून सगळ्यात वरची रिंग जिथे वळते तिथे खोल झीज होते, आणि तिच्याही वर, जिथे रिंग पोचतच नाही, तिथे मूळ भिंत जशीच्या तशी राहते. या दोन्हींच्या मध्ये बोटाला लागणारी पायरी तयार होते. "स्टेप पडली" म्हणतात ती हीच.

आडव्या दिशेचं कारण वेगळं. पॉवर स्ट्रोकमध्ये कनेक्टिंग रॉड तिरका असतो, म्हणून पिस्टन एका बाजूच्या भिंतीवर रेटला जातो. ती बाजू जास्त झिजते आणि गोल बोअर अंडाकृती होतो.

घरी आणल्यावर : सफाई आणि सावली

ब्लॉक रॉकेलने किंवा डिझेलने धुवा. वरच्या कडेचा कार्बन लाकडी पट्टीने किंवा पितळी ब्रशने काढा. बोअरच्या आत एमरी पेपर फिरवू नका. मोजायच्या आधी हातभर एमरी मारून बोअर 'साफ' करणारे मी पाहिले आहेत, त्याने मापही बिघडतं आणि भिंतही. शेवटी कोरड्या सुती फडक्याने पुसा.

मग ब्लॉक, मायक्रोमीटर आणि गेज एकत्र सावलीत ठेवून द्या, रात्रभर ठेवलात तर उत्तम. याला मी फार महत्त्व देतो. मापाचं जगभर मान्य तापमान २० अंश सेल्सिअस आहे. बीड दर अंशाला लांबीच्या दहा लाखांत साधारण ११ भाग इतकं फुगतं. मे महिन्यात उन्हात ठेवलेला ब्लॉक ४५ अंशांवर गेला, तर ६८.५ मिमीचा बोअर जवळपास ०.०२ मिमी मोठा होतो. ज्या दोन शतांशांवर आपण पिस्टनचा निर्णय घेणार, ते उन्हानेच खाल्ले. मायक्रोमीटरही पोलादाचा असल्याने साधारण तितकाच फुगतो, म्हणून सगळं एका तापमानाला असलं की चूक आपोआप भरून निघते. एसीची खोली लागत नाही. एक सावलीची जागा आणि धीर लागतो.

गेज लावणं

हत्यारं तीन : ५०–७५ मिमीचा मायक्रोमीटर, या मापाला चालणारा डायल बोअर गेज (५०–१०० किंवा ५०–१६० मिमी रेंजचा), आणि वही-पेन्सिल. व्हर्निअर कॅलिपर यात धरू नका. त्याचे आतले जबडे गोल भिंतीवर नीट टेकत नाहीत आणि माप कमी दाखवतात. ब्लॉक स्टँडर्ड आहे की ०.५० चा, एवढं ढोबळ कळायला तो ठीक.

आधी मायक्रोमीटरसोबत आलेल्या ५० मिमीच्या स्टँडर्डवर त्याचा शून्य तपासा. मग तो बरोबर ६८.५० वर लावून लॉक करा आणि फडक्यात धरून व्हाइसमध्ये हलकाच अडकवा. बोअर गेजला योग्य लांबीची दांडी लावून त्याची दोन टोकं मायक्रोमीटरच्या दोन तोंडांमध्ये धरा. गेज पुढे-मागे, डावीकडे-उजवीकडे झुलवा. काटा एका टोकापर्यंत जाऊन परत फिरतो. ज्या बिंदूवर फिरतो तिथे डायल फिरवून शून्य आणा. आता गेजला ६८.५० म्हणजे शून्य.

बोअरमध्ये गेज तिरका घालून सरळ करा आणि पुन्हा हलकेच पुढे-मागे झुलवा. काटा परत फिरतो तो सगळ्यात लहान आकडा म्हणजे खरं माप. इथे नवशिक्यांची ठरलेली चूक होते. या गेजमध्ये टोक आत दाबलं गेलं की काटा घड्याळाच्या दिशेने जातो. म्हणजे काटा शून्यापासून घड्याळाच्या दिशेने गेला तर बोअर लहान, उलट दिशेने गेला तर बोअर मोठा. झिजलेल्या बोअरमध्ये काटा उलटाच गेला पाहिजे. गोंधळ वाटत असेल तर टोक बोटाने दाबून काटा कुठे जातो ते बघा, मगच सुरुवात करा.

प्रत्येक माप दोनदा घ्या. दोन्हींत एक शतांशाहून जास्त फरक आला तर तो बोअरचा नाही, हाताचा आहे. पुन्हा घ्या. पहिल्या दिवशी हात बसायला अर्धा तास जातो, त्यात काही गैर नाही.

पहिलं माप पायरीच्या वर

बहुतेक जण थेट बोअरच्या मध्यात गेज घालतात. मी सगळ्यात आधी अगदी वरच्या कडेला, पायरीच्या वरच्या त्या अरुंद पट्टीत मोजतो. तिथे रिंग कधी पोचलेली नाही, म्हणून तिथे ब्लॉकचं शेवटच्या बोअरिंगनंतरचं मूळ माप जपलेलं असतं. विकणारा काय सांगतो त्यापेक्षा ही पट्टी जास्त खरं बोलते.

तिथे ६८.५०–६८.५२ आलं तर ब्लॉक खरोखर स्टँडर्ड आहे. कारखान्यातून येताना एक-दोन शतांश वर असणं साधारण आहे. ६८.७५ च्या आसपास आलं तर एकदा ०.२५ झालं आहे. ६९.०० च्या आसपास आलं तर हा ब्लॉक शेवटच्या थांब्यावर उभा आहे, कारण या इंजिनाला बाजारात सहसा ०.२५ आणि ०.५० हेच ओव्हरसाइज मिळतात. सोबत जुने पिस्टन मिळाले असतील तर त्यांच्या डोक्यावर ०.२५ किंवा ०.५० चा शिक्का शोधा आणि पट्टीच्या मापाशी ताडून बघा. पट्टी फार अरुंद असून गेजचं टोक बसत नसेल, तर अगदी तळाशी, रिंगच्या वाटेखाली माप घ्या. तिथेही झीज जवळपास नसते.

वरच्या कडेला बोअरभोवती एक बारीक गोल रेघ दिसते का तेही याच वेळी बघा. दिसली तर ब्लॉकमध्ये स्लीव्ह, म्हणजे बोअरच्या आत नवी नळी, ठोकलेली आहे. नीट बसवलेली स्लीव्ह वाईट नसते, पण एकाच बोअरला असेल तर तो बोअर का फुटला होता हा प्रश्न विचारायला हवा.

मग अठरा मापं

प्रत्येक बोअरमध्ये तीन उंच्या : पायरीच्या लगेच खाली, म्हणजे वरून साधारण १० मिमीवर, मध्यावर, आणि तळापासून थोडं वर. प्रत्येक उंचीवर आडवं आणि उभं. सहा मापं, तीन बोअर, एकूण अठरा. टायमिंग बेल्टकडचा सिलिंडर एक नंबर. वहीत आधी चौकट आखा, मग मोजायला घ्या. डोक्यात ठेवलेले आकडे तिसऱ्या बोअरपर्यंत टिकत नाहीत.

एका ब्लॉकची माझ्या वहीतली मापं देतो. पायरीच्या वर तिन्ही बोअर ६८.५१. आकडे आडवं आणि उभं या क्रमाने :

बोअर १ : वर ६८.५८ / ६८.५५, मध्ये ६८.५५ / ६८.५४, तळाला ६८.५३ / ६८.५२
बोअर २ : वर ६८.६१ / ६८.५६, मध्ये ६८.५७ / ६८.५४, तळाला ६८.५३ / ६८.५२
बोअर ३ : वर ६८.५७ / ६८.५५, मध्ये ६८.५४ / ६८.५३, तळाला ६८.५२ / ६८.५२

टेपर काढायचा तर एकाच दिशेतलं वरचं माप वजा तळाचं. दुसऱ्या बोअरचा आडवा टेपर ६८.६१ – ६८.५३ = ०.०८. ओव्हल किती, तर एकाच उंचीवरचं आडवं वजा उभं : ६८.६१ – ६८.५६ = ०.०५. आणि एकूण झीज म्हणजे सगळ्यात मोठं माप वजा मूळ : ६८.६१ – ६८.५१ = ०.१०.

मॅन्युअल हाताशी असेल तर त्यातली मर्यादा पाळा. नसेल तर या छोट्या पेट्रोल इंजिनांसाठी माझा हिशोब असा : टेपर पाच शतांशांच्या आत, ओव्हल तीनच्या आत, लाइनी नाहीत, आणि जुना पिस्टन मोजून त्याच्या आणि बोअरच्या मधली फट अजून मर्यादेत, तर हलकं होनिंग करून फक्त नव्या रिंगा टाका. टेपर दहाच्या जवळ गेला की रिंगा टाकून उपयोग नाही. रिंग दर फेरीला वर फुलते, खाली आकसते, आणि काही महिन्यांत गाडी पुन्हा निळा धूर सोडते. अधल्यामधल्या ब्लॉकला मी बोअरिंगच सुचवतो. इंजिन उघडण्याची मजुरी दोनदा देण्यापेक्षा ते परवडतं. आणि एक बोअर वाईट असेल तरी तिन्ही बोअर एकाच मापाला न्यायचे, कारण पिस्टन सेटमध्ये येतात आणि त्यांची वजनं एकमेकांशी जुळलेली असतात.

कोणता ओव्हरसाइज? इथे घाई नको

वरच्या ब्लॉकला ०.२५ पुरेल का? वरवर बघता हो. झीज ०.१०, आणि आपण ०.२५ काढणार. पण झीज बहुतेक एकाच बाजूला असते, आणि बोअरिंगचं मशीन मूळ केंद्रावरून कापतं. ०.२५ ओव्हरसाइज म्हणजे प्रत्येक बाजूला जेमतेम ०.१२५. हा हिशोब नीट करू.

मूळ त्रिज्या ३४.२५५. सगळी ०.१० झीज एकाच बाजूची धरली तर तिथे भिंत केंद्रापासून ३४.३५५ वर आहे. ०.२५ च्या पिस्टनचा स्कर्ट (रिंगांखालचा भाग) समजा ६८.७२ निघाला आणि फट ०.०४ ठेवली, तर तयार बोअर ६८.७६, म्हणजे त्रिज्या ३४.३८. होनिंगसाठी व्यासात ०.०४ सोडायचे, तर बोअरिंग ६८.७२ ला थांबणार, त्रिज्या ३४.३६. झिजलेली भिंत ३४.३५५ वर. म्हणजे हत्यार तिथे फक्त अर्धा शतांश धातू काढेल. साफ होईल, पण जेमतेम. झीज ०.१३ असती तर ०.२५ मध्ये हा बोअर साफ झालाच नसता, भिंतीवर काळा पट्टा तसाच राहिला असता.

अशा काठावरच्या ब्लॉकला मी बोअरिंगवाल्याला सांगतो, "काका, आधी दोन नंबरला ६८.७० पर्यंत कच्चा कट मारा आणि मला बोलवा." पिस्टन अजून घेतलेले नसतात. कट मारल्यावर फिकट सावली उरली असेल तर होनिंगमध्ये जाते, आपण ०.२५ घेतो आणि पुढच्या वेळेसाठी ०.५० शिल्लक राहतो. बोटाला लागणारा पट्टा उरला असेल तर सरळ ०.५०. ०.५० मध्येही साफ होणार नाही असा बोअर असेल तर स्लीव्ह ठोकून स्टँडर्डवर आणणं हा मार्ग आहे. तीन स्लीव्ह, त्यांचं बोअरिंग आणि पिस्टन यांचा एकत्र खर्च आधी विचारा, कित्येकदा दुसरा चांगला ब्लॉक स्वस्त पडतो.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा कुठल्याही जुन्या औद्योगिक वसाहतीत बोअरिंग-होनिंगची दुकानं एका रांगेत असतात. दुकान निवडताना मी एकच प्रश्न विचारतो : "पिस्टन मोजून बोअर करता की चार्ट बघून?" चार्ट म्हणाला तर पुढच्या दुकानात. आणि बोअरिंगला देताना मेन बेअरिंगच्या कॅप ठरलेल्या टॉर्कला आवळलेल्या असाव्यात, कारण त्या सैल असल्या तर ब्लॉक वेगळ्या आकारात कापला जातो.

वरचा पृष्ठभाग आणि राहिलेलं

हेड बसतं त्या पृष्ठभागावर सरळ पट्टी उभी ठेवा : लांबीत दोनदा, दोन्ही कर्णांवर, आणि बोअरच्या मधून आडवी. खालून ०.०५ चा फिलर कुठे सहज शिरत असेल तर सरफेस ग्राइंडिंग लागेल. हेड बोल्टच्या भोकांत बोल्ट हाताने पूर्ण खाली जातो का बघा. क्रँक आणि मेन बेअरिंग हा वेगळा विषय आहे, पण पिस्टनला पैसे घालण्याआधी तेही मोजून घ्या.

बाकीच्या इंजिनांबद्दल थोडक्यात. ट्रॅक्टर आणि बऱ्याच डिझेल इंजिनांत पाण्यात बसणारे लायनर, म्हणजे बदलता येणाऱ्या सिलिंडरच्या नळ्या असतात. तिथे बोअर करायचा नसतो, लायनर-पिस्टनचा किटच बदलायचा, म्हणून तिथे लायनरपेक्षा ब्लॉकमधली त्याची बैठक आणि ओ-रिंगच्या जागा तपासा. ॲल्युमिनियमच्या सिलिंडरवर निकेल-सिलिकॉन कार्बाइडचा मुलामा असलेले बोअर काही मोटरसायकलींत येतात. ते साध्या बोअरिंगला चालत नाहीत, बोअर करताच मुलामा निघून जातो.

आता पिस्टन

दुकानात जाताना चिठ्ठीवर लिहा : गाडी आणि साल, कार्ब्युरेटर की एमपीएफआय (पेट्रोल इंजेक्शन), मूळ बोअर ६८.५, हवा तो ओव्हरसाइज, पिस्टन-रिंग-पिन पूर्ण सेट. कार्ब्युरेटरवाल्या आणि नंतरच्या, दर सिलिंडरला चार व्हॉल्व्ह असलेल्या इंजिनांचा बोअर एकच असला तरी पिस्टन एकमेकांत चालतील असं धरू नका, डोक्याचा आकार आणि पिनची उंची जुन्या पिस्टनशी लावून बघा. खोकं फोडण्याआधी परत घेण्याची अट विचारून घ्या.

घरी आणलेला प्रत्येक पिस्टन मोजा. पिस्टन गोल नसतो, पिनच्या दिशेत मुद्दाम अरुंद आणि डोक्याकडे निमुळता घासलेला असतो, म्हणून माप पिनला काटकोनात, स्कर्टवर, मॅन्युअलने सांगितलेल्या उंचीवर घ्यायचं. बहुधा ते खालच्या कडेपासून १०–२० मिमी वर असतं. डोक्यावर मार्करने १, २, ३ लिहा आणि मापंही. आता ब्लॉक आणि पिस्टन दोन्ही बोअरिंगवाल्याकडे द्या, आणि चिठ्ठीवर प्रत्येक सिलिंडरपुढे पिस्टनचं माप अधिक फट असं तयार बोअरचं माप लिहून द्या. या इंजिनाला ०.०४ ते ०.०५ ची फट मी ठेवतो.

पिस्टन यायला आठवडा लागणार असेल तर मधल्या काळात बोअर उघडे ठेवू नका. कोकणात किंवा पावसाळ्यात स्वच्छ पुसलेल्या बिडावर एका रात्रीत तांबडा थर येतो. तिन्ही बोअरना बोटाने इंजिन ऑइल लावा, वर जाड प्लास्टिक बांधा, आणि अठरा मापांचा कागद त्याच पिशवीत ठेवा.